वास उन्हाळ्यातच का यायचा? बंद पेट्रोल पंपाखालच्या टाक्यांचं एक प्रकरण

निपाणी ते संकेश्वर या पट्ट्यात, जुन्या पुणे-बेंगळुरू रस्त्याला लागून असलेल्या एका मोठ्या गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. विहिरी अजून वापरात आहेत, जागांचे व्यवहार चालू आहेत. नाव छापून जागेचा भाव उतरला, तर त्याचा फटका ज्यांच्या पाण्यात पेट्रोल उतरलं त्यांनाच बसेल.

पूर्वी या रस्त्याची सगळी वाहतूक गावांच्या पोटातून जायची. सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता चौपदरी झाला, गावांना वळसा घालून बायपास निघाले आणि जुन्या रस्त्यावरचे पंप ओस पडले. कर्नाटकात इंधन स्वस्त म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्या आजही सीमेवरची कोगनोळी ओलांडली की टाकी भरून घेतात, पण त्या थांबतात नव्या महामार्गावर. जुन्या पंपांची मशिनं गेली, छप्पर गेलं, पाटी गेली. जमिनीखाली काय राहिलं हे कुणी विचारलं नाही. जागामालकाला जागा मोकळी झाल्याशी मतलब होता, कंपनीला करार संपल्याशी.

आपल्या प्रकरणातला पंप सत्तरच्या दशकात सुरू झाला आणि बायपास झाल्यावर काही वर्षांत बंद पडला. दोन टाक्या होत्या, एक पेट्रोलची आणि एक डिझेलची. दोन्ही साध्या पोलादी पत्र्याच्या, बाहेरून डांबराचा लेप दिलेल्या. पंप बंद झाल्यावर जागा पडून राहिली. पुढं तिथं दर्शनी बाजूला गाळे निघाले आणि मागं सोयाबीन ठेवायचं गोदाम झालं. पूर्वी तिथं पंप होता हे नव्या भाडेकरूंना ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं.

या जागेभोवती पाण्याची तीन ठिकाणं आहेत. पश्चिमेला, अगदी लागून असलेल्या घराच्या परड्यात एक जुना आड. पूर्वेला शेतात उसाची मोठी विहीर. तिच्यावर वस्तीतली दोन घरं पिण्याचं पाणीही भरायची. आणि उत्तरेला शाळेची बोअर. जमिनीचा उतार पश्चिमेला, ओढ्याकडं आहे. म्हणजे पंपातून काही गळलंच तर ते आडात उतरायला हवं, असं कुणालाही वाटेल. तक्रार मात्र आली उसाच्या विहिरीची, जी जागेपासून जास्त लांब आहे आणि उताराच्या उलट अंगाला आहे.

तक्रार आणि पहिला अहवाल

विहिरीच्या मालकीणबाई, वस्तीतल्या सगळ्यांच्या आजी, यांनी सांगितलेलं वाक्य या सगळ्या तपासाचा कणा ठरलं. “फाल्गुन सरला की पाण्याला राकेलचा वास सुरू हुतोय बगा. वळीव पडला की कमी हुतोय आणि मिरगाचा पाऊस लागला की जातोय.” भात शिजवला तर पिवळट दिसायचा, पांढरं धोतर धुतलं की तांबूस डाग राहायचे.

अर्ज झाला. एका कार्यालयानं पाण्याचा नमुना नेला आणि पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल दिला. तो कागद मी नीट वाचला. नमुना ऑगस्टमध्ये घेतलेला होता, म्हणजे आजींच्या म्हणण्याप्रमाणे वास नसतो त्या दिवसांत. नेला होता प्लास्टिकच्या साध्या बाटलीतून. आणि तपासलं होतं ते सामू, क्षार, कडकपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू. पेट्रोलजन्य पदार्थांची एकही चाचणी त्यात नव्हती. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? पण कागदावर शिक्का होता, त्यामुळं पुढची दोन वर्षं आजींचं म्हणणं म्हणजे म्हातारीचा भ्रम ठरलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. पाण्याची चव आणि वास रोज अनुभवणाऱ्या बाईची साक्ष एका चुकीच्या वेळी भरलेल्या बाटलीपुढं खोटी पडली.

या काळात वस्तीतली माणसं पाणी उकळून पीत होती. त्यानं जंतू मरतात, पण पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी द्रव्य नुसतं जागा बदलतं. ते वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत जातं आणि चुलीपुढं बसणारीच ते नाकातून आत घेते.

सगळ्यात आधी केलेली गोष्ट

तपासाची आखणी होण्याआधी एक गोष्ट बजावून सांगितली: या विहिरीत गाळ काढायला कुणीही उतरायचं नाही. आपल्याकडं वैशाखात पाणी तळाला गेलं की माणसं विहिरीत उतरतात, झरे मोकळे करतात, कधी आत सुरुंगही लावतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती वर येऊन पांगत नाही, खाली बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की ठिणगीनं पेट घेऊ शकते, आणि त्याहून कमी प्रमाणातही खाली गेलेल्या माणसाला भोवळ येते. दोरीला बांधून वायुमापक खाली सोडला, तेव्हा काठावर शून्य दाखवणारा काटा पाण्याजवळ जाता जाता चढत गेला. काठावर उभं राहून वास न येणं ही सुरक्षिततेची खूण नाही, हे तिथं जमलेल्या पोरांना डोळ्यांनी दिसलं. मोटारीचा स्टार्टर आणि उघड्या वायरी विहिरीच्या कठड्यावरून लांब नेल्या. बाकी सगळं त्यानंतर.

टाक्या कुठं होत्या?

पेट्रोल साठवण्याला १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे नियम लागू होतात. परवाना देणाऱ्या स्फोटक विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि परवान्याबरोबर जागेचा मंजूर नकाशा असतो. नकाशाची जुनी प्रत मिळाली. त्यावर टाक्या दर्शनी बाजूला, रस्त्याजवळ दाखवल्या होत्या. आज तिथं गाळे आहेत.

पंपावर उमेदीची सगळी वर्षं काढलेले एक मामा अजून गावात आहेत. त्यांना जागेवर आणलं. त्यांनी नकाशा हातात घेतला नाही. सरळ गोदामाच्या मागं गेले आणि म्हणाले, “डिझेलची फुडं हुती, गाळ्याच्या पायात काढली. पेट्रोलची मागं, हितं चिंचंच्या बुडाशी. फुडं जागा पुरंना म्हणून मागं घातली. पाइप हितनं तिथपत्तूर.” आणि पायानं रेघ ओढून दाखवली. ती रेघ बरोबर निघाली.

अशा तपासात यंत्रांवर फार भिस्त ठेवता येत नाही, निदान आपल्या भागात. जमिनीत रेडिओलहरी सोडून गाडलेल्या वस्तू शोधणारा रडार काळ्या चिकण मातीत आंधळा होतो. माती ओली असली तर लहरी काही फुटांतच जिरतात. चुंबकीय यंत्र लोखंड शोधतं, पण आपला बेसाल्टच मुळात चुंबकीय आहे, त्यामुळं जागोजागी खोटे इशारे मिळतात. वाळूच्या प्रदेशासाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी इथं आणली की खर्च होतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून मंजूर नकाशा, मामांची आठवण आणि चिंचेच्या खोडाआड गंजून उभा असलेला हवा जाण्याचा दीड इंची पाइप, या तिन्ही गोष्टी जुळल्या तिथंच हातानं खणायचं ठरवलं. पोकलेन आणू दिला नाही. भरलेल्या की रिकाम्या हे माहीत नसलेल्या टाकीवर पोकलेनचा दात बसला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पंपाची जुनी रजिस्टरं मिळाली असती तर काम हलकं झालं असतं. पंपावर रोज सकाळी पट्टी टाकून टाकीतला साठा मोजतात. तो साठा, आलेला माल आणि विक्री यांचा ताळा महिनोन्महिने एकाच बाजूला चुकत गेला की गळतीचा संशय घ्यायचा. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला साधारण ४ लिटर जातात, वर्षाला दीड हजार लिटरच्या आसपास. हजारो लिटरच्या रोजच्या उलाढालीत ४ लिटर कुणाच्या नजरेत भरत नाहीत. उन्हानं पेट्रोल फुगतं-आकसतं त्यातच ते खपून जातात. मामा म्हणाले, तूट यायची, पण ती ‘उडून गेलं’ म्हणून लिहायची पद्धत होती.

पाणी कोणत्या दिशेला जातं

आपल्या भागातल्या विहिरी खणणाऱ्यांना खडकाची जाण पुस्तकवाल्यांपेक्षा कमी नसते. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मध्येच कुठं तरी गेरूचा तांबडा थर. हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा थरावर थर आहे. मांजऱ्यात भेगा आणि पोकळ्या, त्यातून पाणी खेळतं. गेरू घट्ट, तो पाणी अडवतो. पाणी गेरूच्या अंगावरून सरकत जातं, आणि गेरूचा उतार वरच्या जमिनीच्या उतारासारखाच असेल असं काही बंधन नाही.

पंपाच्या जागेभोवती उथळ निरीक्षण बोअर घेतल्या, सगळ्या गेरूच्या वरच थांबवलेल्या. जाळीचा पाइप असा बसवला की उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची, दोन्ही पाणीपातळ्या जाळीच्या टप्प्यात येतील. हे महत्त्वाचं आहे, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं. जाळी पाण्याखाली बुडालेली असेल तर तरंगता थर बोअरमध्ये शिरतच नाही आणि बोअर खोटं प्रमाणपत्र देते. मग प्रत्येक बोअरच्या, आडाच्या आणि विहिरीच्या तोंडाची उंची लेव्हल लावून एका पातळीत बांधली, आणि वर्षभर पाणी मोजत राहिलो.

गुंता इथं सुटला. फेब्रुवारीपासून मेपर्यंत उसाची मोटार रोज चालते, थ्री फेज मिळेल त्या वेळेला, बहुतेक रात्री. तेवढ्या महिन्यांत विहिरीभोवती पाण्याचा मोठा खळगा पडतो आणि पंपाच्या जागेखालचं पाणी पूर्वेला ओढलं जातं. गेरूचा उतारही तिकडंच आहे, त्यामुळं ओढ आणखी वाढते. पावसाळ्यात मोटार बंद असते, जमीन भरते, आणि पाण्याचा कल ओढ्याकडं, म्हणजे पश्चिमेला वळतो. उन्हाळ्यात आड वरच्या अंगाला असतो म्हणून स्वच्छ; सप्टेंबरच्या नमुन्यात मात्र त्यात पेट्रोलजन्य पदार्थांचा पुसटसा अंश आला, मर्यादेच्या आत. आडाच्या मालकांना हे लपवून ठेवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आडाचं पाणी पिण्यासाठी वापरणं त्याच दिवशी थांबवलं.

वास उन्हाळ्यातच का येतो याचं उत्तरही पातळीतच आहे. पावसाळ्यात पाणी वर चढतं तेव्हा पेट्रोल मुरुमाच्या आणि भेगांच्या बारीक जागांत थेंब-थेंब अडकून पाण्याखाली दबतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं ते सुटतं, पाझरतं, पुन्हा पाण्यावर येऊन तरंगतं आणि मोटारीच्या ओढीनं विहिरीकडं सरकतं. शिवाय पावसाळ्यात विहीर तुडुंब असते, थोड्या पेट्रोलात पुष्कळ पाणी मिसळलेलं असतं. एप्रिलमध्ये तळाशी जेवढं पाणी उरतं, त्यात तेवढंच पेट्रोल जास्त बोलतं. वर्षानुवर्षं पातळी वर-खाली होत राहते आणि पेट्रोल अनेक फूट जाडीच्या पट्ट्यात माखलं जातं. पंप बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी वास का, याचं कारण हा माखलेला पट्टा.

नमुना

पाण्यातलं बेंझीन उडून जायला वेळ लागत नाही. म्हणून नमुना बादलीनं काढून, ओतून, मग बाटलीत भरायचा नसतो. आम्ही पारदर्शक नळीचा पोहरा अलगद सोडला, पाण्यावर आपटू दिला नाही. पहिल्या उन्हाळ्यात चिंचेजवळच्या बोअरमधून तो वर आला तेव्हा पाण्यावर फिकट पिवळा थर वेगळा दिसत होता, वास तर झाकण उघडताच आला. त्या थराची जाडी जमिनीतल्या थराची जाडी समजायची नाही, भोवतालच्या फटींतलं तेल बोअरमध्ये येऊन साठतं. पण तो आहे, एवढं सिद्ध झालं.

तपासणीच्या कुप्या ४० मिलिलिटरच्या, तपकिरी काचेच्या. पाणी काठोकाठ भरायचं, इतकं की तोंडावर ते किंचित फुगून उभं राहील, मग झाकण सरकवून घट्ट करायचं. कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, दुसरी भरायची. बुडबुड्याच्या हवेत बेंझीन निघून गेलेलं असतं. कुपीत आधीच थोडं आम्ल असतं, जंतूंनी प्रवासात बेंझीन खाऊन टाकू नये म्हणून. बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी. पेटीत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी सोबत फिरवली. तिच्यात काही सापडलं असतं तर दोष विहिरीचा नाही, वाहतुकीचा ठरला असता. ती स्वच्छ आली.

पेट्रोल कुणाचं?

गावात संशय समोरच्या गॅरेजवाल्यावर होता. दुसरा तर्क रेशनच्या रॉकेल दुकानाचा, कारण वास ‘राकेलचा’. हे तर्क निकालात काढणं गरजेचं होतं. उगाच एखाद्याच्या पोटावर पाय येतो.

पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल यांचे रेणू लहान-मोठे असतात. पेट्रोलमध्ये साधारण ४ ते १२ कार्बनचे, रॉकेलमध्ये ९-१० पासून १६ पर्यंतचे, डिझेलमध्ये त्याहून जड. प्रयोगशाळेच्या आलेखात हे पट्टे वेगवेगळे उमटतात. तरंगता थर पेट्रोलचा निघाला, बराच जुना झालेला, हलका भाग उडून आणि विरून गेलेला. जुन्या पेट्रोलचा वास रॉकेलकडं झुकतो, आजींचं नाक चुकलं नव्हतं.

त्या थरात शिसंही सापडलं, आणि तिथं तारीख मिळाली. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झालं. म्हणजे हे पेट्रोल त्याआधी टाकीत उतरलेलं. गॅरेज पुढं कितीतरी वर्षांनी सुरू झालं होतं. गॅरेजवाल्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, आत जाऊन चहा सांगून आला.

मला मात्र सगळ्यात पटलेला पुरावा नायट्रेटचा. उसाच्या पट्ट्यात युरियामुळं विहिरींत नायट्रेट असतंच. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा अनेक ठिकाणी धोक्यात असते. आजूबाजूच्या विहिरींत ते भरपूर होतं. आजींच्या विहिरीत जवळजवळ शून्य, आणि लोह मात्र चढलेलं. जमिनीतले जंतू पेट्रोल खातात, त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. तो संपला की ते नायट्रेटवर भागवतात, तेही संपलं की मातीतल्या गंजाकडं वळतात आणि लोह पाण्यात विरघळवतात. धोतरावरचे तांबूस डाग आणि पिवळा भात म्हणजे हेच लोह. आजींच्या घरातल्या रोजच्या खुणा आणि प्रयोगशाळेचा तक्ता एकच गोष्ट सांगत होते. तोच ऑगस्टचा जुना अहवाल पुन्हा काढून पाहिला, तर त्यातही नायट्रेट अगदी कमी नोंदवलेलं होतं. उसाच्या मळ्यातल्या विहिरीत नायट्रेट नाही, हे बघून कुणी तरी थांबायला हवं होतं.

बेंझीन उन्हाळी नमुन्यात मर्यादेच्या कित्येक पट होतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ही मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि बेंझीन माणसात रक्ताचा कर्करोग घडवतं हे सिद्ध आहे. मर्यादा इतकी बारीक का, हे गावच्या बैठकीत हिशेबानं दाखवलं. आजच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं, जुन्यात त्याहून कितीतरी जास्त असे. १ टक्काच धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये ते झालं १० मिलिलिटर, वजनानं पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. एवढं बेंझीन ८ लाख लिटरहून जास्त पाणी मर्यादेबाहेर न्यायला पुरतं. आणि नाकाला त्याचा वास कळण्याच्या कितीतरी आधी ती मर्यादा ओलांडली गेलेली असते, म्हणून ‘वास गेला म्हणजे पाणी चांगलं’ हे पावसाळ्यातलं समाधान धोक्याचं.

बोअर नको

अहवाल आल्यावर गावचा पहिला उपाय ठरलेला होता: विहिरीशेजारी तीनशे फूट बोअर मारू, खालचं पाणी चांगलं लागेल. भावना समजण्यासारखी होती, उपाय घातक होता. तेल वरच्या थरात आहे आणि खाली गेरूनं ते अडवलेलं आहे. तो गेरू भोकसून बोअर खाली नेली तर दूषित पाण्याला खालच्या स्वच्छ भेगांत जायला आपणच वाट करून देऊ, आणि त्या भेगा शाळेच्या बोअरपर्यंत जाणार नाहीत याची हमी कोण देणार? यावर पंचायतीत बरीच वादावादी झाली. शेवटी जागेच्या भोवती नवीन बोअर घ्यायची नाही असा ठराव झाला आणि वस्तीला नदीच्या योजनेचं नळाचं पाणी आधी जोडून दिलं. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. शाळेच्या बोअरचे सगळे नमुने आजवर स्वच्छ आले आहेत.

टाकी निघाली तेव्हा

टाकी काढायला कंपनी तयार झाली ती लेखी पुरावे पुढं ठेवल्यावर. आत थोडं पेट्रोल, बरंच पाणी आणि तळाला गाळ होता. आधी द्रव उपसला, मग आतली वाफ निष्क्रिय वायूनं बाहेर काढली, वायुमापकानं खात्री केली आणि नंतरच टाकीला हात लावला. गॅस कटर जवळ येऊ दिला नाही. गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो शेताच्या बांधावर टाकून चालत नाही. नोंद करून अधिकृत केंद्राकडं गेला.

टाकी वर आल्यावर मामा पुढं झाले. पत्रा बाजूंनी ठीक होता. भोक होतं तळाला, मोजपट्टी टाकायच्या नळीच्या बरोबर खाली. तीस-एक वर्षं रोज पट्टीचं पितळी टोक तळावर त्याच एका जागी आपटत राहिलं. लेप गेला, पत्रा घासला, तळाशी साचलेल्या पाण्यानं तिथंच गंज धरला. बोटाचं टोक जाईल एवढं ते भोक. मशीनकडं जाणाऱ्या पाइपाचा एक आट्यांचा जोडही सडलेला सापडला. मामांनी त्या भोकावरून बराच वेळ बोट फिरवलं. पट्टी टाकणाऱ्यांत ते स्वतः होते, पण यात त्यांचा दोष शून्य. तळाला जाड पत्र्याचा तुकडा बसवायला हवा होता, तो बसवणं त्यांच्या हातात नव्हतं.

खड्ड्यातला वास मारणारा मुरूम काढला. त्याखालच्या भेगांतलं तेल खणून निघत नाही. तिथं जाळीच्या नळ्या बसवून ब्लोअरनं जमिनीतली वाफ ओढून घेतली, कोळशाच्या गाळणीतून सोडली. बोअरमधला तरंगता थर तेल शोषणाऱ्या पिशव्यांनी थोडा-थोडा काढला. मोठी मोटार लावून एकदाच सगळं उपसा, असं सुचवणारे होते. तसं केलं असतं तर पातळी आणखी खाली जाऊन तेल आणखी खोल माखलं असतं. उरलेलं काम जंतूंवर सोडलं आहे. ते सावकाश करतात, पण करतात, हे नायट्रेटच्या आकड्यांनी आधीच दाखवलं होतं.

भरपाई कुणाकडं मागायची

स्वच्छतेचा खर्च कंपनीनं केला. दोन घरांनी इतकी वर्षं जे पाणी प्यायलं त्याची भरपाई अजून कुणी दिलेली नाही. २०१० च्या कायद्यानं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे आणि प्रदूषण करणाऱ्यानं भरावं हे तत्त्व त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पण भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो, आणि जमिनीखालच्या गळतीत ते कारण नक्की कधी उद्भवलं यावरच वकिलांची झटापट होते. सीमाभागाची आणखी एक अडचण: पुण्याचं खंडपीठ आपल्याला जवळ, पण कर्नाटक येतं चेन्नईच्या खंडपीठाखाली. आजींच्या मुलानं चेन्नईला किती खेटे घालायचे?

२४ जुलै २०२५ ला केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यानुसार जिल्हा प्रशासनानं संशयित जागा राज्य प्रदूषण मंडळाला कळवायच्या आणि मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. आपल्या जिल्ह्यासाठी याचा उपयोग अगदी सरळ आहे. जुन्या रस्त्यावरच्या बंद पंपांची यादी परवान्यांच्या नोंदींवरून बनते, आणि त्या पंपांवर काम केलेली माणसं अजून हयात आहेत. ती आहेत तोवर यादी करायला हवी. नकाशात टाकी पुढं असते आणि जमिनीत मागं, हे सांगणारं नंतर कुणी उरणार नाही.

विहिरीचं पाणी आता फक्त उसाला जातं. गेल्या उन्हाळ्यात आजींना वास आला नाही. प्रयोगशाळेत बेंझीन पूर्वीपेक्षा बरंच उतरलेलं आहे, मर्यादेच्या वरच आहे. नमुने वर्षातून दोनदा घेतले जातात, एक सप्टेंबरात आणि दुसरा एप्रिल-मेमध्ये, मोटार चालू असताना. सलग दोन उन्हाळी नमुने मर्यादेच्या आत आल्याशिवाय विहीर पिण्यासाठी खुली करायची नाही, असं पंचायतीच्या ठरावात लिहून घेतलं आहे. त्यातला पहिला अजून यायचा आहे.